बंद खोली, सामायिक हवा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा सुरू झाला की खिडक्या बंद होतात आणि खोकल्या-तापाची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा रोख हवेतून पसरणाऱ्या आजारांकडे आहे. त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : लातूरला माझे खासगी शिकवणी वर्ग आहेत. एका हॉलमध्ये साठ मुले बसतात. दोन स्प्लिट एसी बसवल्यापासून खिडक्या बंदच असतात. एका मुलाला ताप-खोकला आला की आठवड्याभरात निम्मी बाके रिकामी होतात. एसीच्या जाळ्या नियमित धुतो, फरशी जंतुनाशकाने पुसून घेतो. आणखी काय करावे?

उत्तर : जाळ्या धुणे आणि फरशी पुसणे चालू ठेवा, पण तुमच्या अडचणीचे मूळ तिथे नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. तो खोलीतलीच हवा ओढून, गार करून पुन्हा खोलीत सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते, श्वासावाटे बाहेर पडणारे सूक्ष्म कण अडवत नाही. खोकताना, बोलताना, इतकेच काय, नुसता श्वास सोडतानाही हे कण बाहेर पडतात. त्यांतले मोठे थेंब काही सेकंदांत खाली बसतात, परंतु पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणाला स्थिर हवेत दीड मीटर खाली यायला अर्धा तास लागतो आणि त्याहून लहान कण तासन्‌तास तरंगत राहतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकून दुसऱ्याला बाधू शकतो. कोविडच्या पहिल्या वर्षी हात धुणे, वस्तू पुसणे आणि दोन मीटरचे अंतर यांवर इतका भर दिला गेला की हवेचा विचार मागे पडला, आणि माझ्या मते त्याची फार मोठी किंमत लोकांना मोजावी लागली.

हवा कोंदली आहे का, हे नाकाला उशिरा कळते. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र मिळते, ते वर्गात ठेवा. मोकळ्या हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० असते, तर आपण सोडलेल्या श्वासात ते सुमारे ४०,००० असते. यंत्रावर २,४०० चा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ असा की वर्गातले प्रत्येक मूल जी हवा आत घेते आहे, तिचा विसावा हिस्सा कोणाच्या तरी फुफ्फुसातून नुकताच बाहेर आलेला आहे. साठ मुलांच्या बंद हॉलमध्ये हा आकडा अर्ध्या तासाच्या आतसुद्धा गाठला जातो. तो ८०० ते १,००० च्या आत ठेवण्याचा प्रयत्न करावा.

उपाय साधा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घराव्यतिरिक्तच्या जागांसाठी माणशी सेकंदाला किमान दहा लिटर बाहेरची हवा सुचवली. साठ मुलांसाठी हा हिशेब ताशी सुमारे २,१६० घनमीटर होतो. एक्झॉस्ट पंख्याच्या वेष्टनावर तो ताशी किती हवा काढतो, हे छापलेले असते. प्रत्यक्षात तो त्याहून कमीच काढतो हे गृहीत धरून तेवढ्या क्षमतेचे पंखे एका भिंतीत वरच्या बाजूला बसवा आणि समोरच्या भिंतीतल्या खिडक्या चार-चार बोटे उघड्या ठेवा. दोन तासिकांच्या मध्ये सगळी तावदाने पूर्ण उघडा. एसीवरचा भार आणि विजेचे बिल वाढेल, हे खरे आहे, पण मुलांच्या आरोग्यापुढे तो खर्च मोठा मानू नये, असे मी आपणास आग्रहाने सांगतो. खोकणाऱ्या मुलाला घरी राहू द्या आणि त्याचा बुडालेला भाग नंतर करून घ्या, म्हणजे पालकही त्याला आजारपणात पाठवणार नाहीत.

प्रश्न : सासऱ्यांना फुफ्फुसाचा टीबी निघाला आहे, आठवड्यापूर्वी औषधे सुरू झाली. आमचे घर दोन खोल्यांचे आहे आणि मुलगी चार वर्षांची आहे. नात्यातल्या बायका ताट-वाटी वेगळी ठेवायला सांगतात. शेजारची इमारत इतकी खेटून आहे की आमच्या दुसऱ्या मजल्यावर ऊन येत नाही. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : ताट-वाटी वेगळी करू नका. क्षयरोग भांड्यांतून, कपड्यांतून किंवा स्पर्शातून पसरत नाही, तो हवेतून पसरतो. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली या संशोधकांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे दाखवून दिले. त्यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळांतून गच्चीवर ठेवलेल्या गिनीपिगांपर्यंत नेली. रुग्णांचे ताट, चादर वा हात यांपैकी काहीही त्या प्राण्यांपर्यंत पोहोचले नव्हते, तरी त्यांना क्षयाची लागण झाली. औषधोपचार सुरू असलेल्या रुग्णांकडून मात्र लागण फारच कमी झाली. त्यामुळे सासऱ्यांच्या गोळ्या एकही दिवस न चुकणे हेच तुमच्या मुलीचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. औषधांना दाद देणारा टीबी असेल, तर साधारण दोन आठवड्यांत त्याची संसर्गक्षमता पुष्कळ कमी होते. तोवर सासऱ्यांनी घरात मास्क लावावा आणि मुलीने त्यांच्या खोलीत झोपू नये. घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालील मुलांना, टीबी नाही याची खात्री झाल्यावर, प्रतिबंधक औषध सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळते. ते मागून घ्या, कोणी देईल म्हणून वाट पाहू नका. पोषणासाठी निक्षय योजनेतून रुग्णाला नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा हजार रुपये मिळतात, त्यासाठी बँक खात्याची नोंद झाली आहे ना, हेही पाहा.

आता खोलीविषयी. सासऱ्यांच्या खोलीच्या खिडकीत टेबलफॅन तोंड बाहेर करून ठेवा, म्हणजे तो आतली हवा बाहेर टाकेल. मग दार किंचित उघडे ठेवून फटीशी पेटती उदबत्ती धरा. धूर त्यांच्या खोलीत ओढला जात असेल, तर मांडणी बरोबर आहे. तो तुमच्या खोलीकडे येत असेल, तर पंख्याचा वेग वाढवा आणि तुमच्या खोलीची खिडकी उघडा. छताचा पंखा हवा फक्त फिरवतो, बाहेर काढत नाही.

इमारतींमधल्या अंतराचा तुम्ही केलेला उल्लेख मला अस्वस्थ करून गेला. गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत जिथे उजेड आणि वारा पोहोचत नाही अशा खालच्या मजल्यांवर क्षयाचे प्रमाण अधिक आढळले. याउलट पेरूतील लिमा शहरात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उंच छतांच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या रुग्णालयांत खिडक्या उघडल्यावर ताशी ४० वेळा हवा बदलते, तर यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत शिफारशीप्रमाणे ती १२ वेळाच बदलते, असे दिसले. गरिबांना घरे देताना खिडकीपुढची मोकळी जागा कापली जाते, तेव्हा आपण त्यांच्या माथी आजार मारत असतो. हा दोष तुमच्या घरकामाचा नाही आणि तुमच्या सासऱ्यांचा तर मुळीच नाही.

प्रश्न : कापूर आणि धूप जाळल्याने घरातली हवा जंतुमुक्त होते का? की एअर प्युरिफायर घ्यावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : धुपाने होत नाही, उलट धुराचे बारीक कण वाढतात आणि दमेकऱ्याला त्रास होतो. पूजेपुरता लावा, औषध म्हणून नको. प्युरिफायर घ्यायचा तर हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा घ्या, ओझोन सोडणारा घेऊ नका. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. यंत्र ताशी २०० घनमीटर हवा शुद्ध करत असेल, तर ते तासाला सहा वेळा खोली गाळते, आणि एवढे पुरेसे आहे. बाहेर धुरके असेल त्या दिवशी त्याचा विशेष उपयोग होतो.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाची तालीम पावसाळ्यात देवळामागच्या बंद खोलीत होते. बहुतेक सभासद साठीच्या पुढचे आहेत. आम्ही अंतर ठेवून बसतो. एवढे पुरे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : पुरे नाही. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाने अडीच तास तालीम केली. ६१ जण हजर होते, त्यांपैकी एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. हस्तांदोलन आणि गळाभेट सर्वांनी टाळली होती, तरीही ५३ जणांना कोविड झाला किंवा झाल्याची दाट शक्यता आढळली आणि दोघे दगावले. मोठ्याने गाताना साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी अधिक कण बाहेर पडतात आणि गाणारा श्वासही खोल घेतो, त्यामुळे तो देतोही जास्त आणि घेतोही जास्त.

मात्र तालीम बंद करू नका. उतारवयात टाळ-मृदंगाची संगतही तितकीच गरजेची असते. देवळाला उघडा सभामंडप असेल, तर तिथेच बसा. पावसाची झड आत येत असेल, तर वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा, पण बाकीच्या बाजू मोकळ्या राहू द्या. खोलीतच बसणे भाग असेल, तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, अर्ध्या तासाच्या गायनानंतर सर्वांनी बाहेर ओसरीवर यावे आणि तेवढा वेळ दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात. घसा खवखवत असेल त्या सभासदाने त्या दिवशी येऊ नये, आणि वयस्कर मंडळींनी इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घेण्याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.