कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) नोंदणीची मुदत चुकली. बहिणीला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल का?

जागा बहुतेक मिळेल. पण ती केवढ्याला पडेल, हा प्रश्न तुमच्या बाबतीत जास्त मोठा आहे. मी एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेश विभागात काम करतो. कॅपच्या फेऱ्या संपत आल्या की काउंटरवर आलेला पालक पिशवीतून फाईल काढता काढताच विचारतो, "जागा आहे का हो?" फीची चौकशी त्यानंतर. सवलतीची चौकशी तर पुष्कळदा पहिला हप्ता भरून झाल्यावर होते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून बहीण बारावी सायन्स चांगल्या टक्क्यांनी पास आहे, सीईटीला ८१ पर्सेंटाइल आहेत, ओबीसी आहे, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. फक्त सीईटी सेलच्या (राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या) पोर्टलवर कॅपची नोंदणी मुदतीत झाली नाही.

मुदत गेली म्हणून पोर्टल लगेच बंद होत नाही. त्यानंतरही काही दिवस नोंदणी आणि कागदपत्रांची पडताळणी चालू असते, मात्र त्या अर्जांचा विचार फक्त नॉन-कॅप जागांसाठी होतो. सेलच्या सूचनेत तसं लिहिलेलं असतं. ही खिडकी उघडी असेल तर आजच नोंदणी करून टाका. निर्णय काय घ्यायचा ते नंतर ठरवा, पण नोंदणीच नसेल तर कॉलेजांकडे जाऊन उपयोग होत नाही.

नॉन-कॅपमध्ये दोन प्रकारच्या जागा येतात. एक संस्थास्तरावरचा कोटा, ज्याला सगळे मॅनेजमेंट कोटा म्हणतात. दुसऱ्या, कॅपच्या फेऱ्या संपूनही रिकाम्या राहिलेल्या. आमच्या भाषेत 'अगेन्स्ट कॅप'. दोन्हींसाठी कॉलेजने जाहिरात देऊन अर्ज मागवायचे आणि गुणवत्ता यादी लावायची असते. म्हणजे साहेबांना भेटून 'काहीतरी करा' म्हणायची ही जागा नाही, निदान कागदावर तरी नाही. कॉम्प्युटर आणि एआयवर उड्या पडतात, तिथे ८१ पर्सेंटाइलवर पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजची आशा धरू नका. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल चालत असेल किंवा जरा लांबचं कॉलेज चालत असेल, तर काम होऊ शकतं.

आता पैशाचं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुमची बहीण यात नेमकी बसते. पण ही माफी कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना आहे; मॅनेजमेंट कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश त्यातून वगळलेले आहेत. समजा कॉलेजची फी वर्षाला एक लाख आहे. कॅपमधून गेली असती तर त्यातला मोठा भाग शासनाने भरला असता. आता तो चारही वर्षं तुमच्या वडिलांच्या खिशातून जाणार. पुढच्या वर्षी ही सवलत आपोआप सुरू होत नाही, कारण प्रवेश कुठल्या मार्गाने झाला याची नोंद तीच राहते. "महाडीबीटीचा (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म भरून बघू, झालं तर झालं" असं कोणी म्हणालं, तर त्याच्या भरवशावर फी भरू नका.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आणखी दोन वाटा तपासल्या असत्या.

पहिली पॉलिटेक्निकची. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्याचं वेळापत्रक तंत्रशिक्षण संचालनालय वेगळं काढतं, त्याची मुदत अजून आहे का ते आधी बघा. डिप्लोमाची दोन वर्षं आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊन तीन, अशी एकूण पाच वर्षं लागतात. एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी दिली तरी एक अधिक चार, पाचच होतात. फरक इतकाच की या वाटेवर हातात डिप्लोमा येतो आणि डिग्रीला पुन्हा कॅपमधून जाता येतं. लोक 'डिप्लोमा म्हणजे दहावीवाल्यांचं' म्हणून नाक मुरडतात, पण दुसऱ्या वर्षाला आलेली ही मुलं वर्कशॉपमध्ये आमच्या रेग्युलर मुलांपेक्षा सरस असतात.

दुसरी वाट बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सची. त्याला सीईटी लागत नाही. अनुदानित कॉलेजात जागा शिल्लक असेल तर विद्यापीठाच्या मुदतीपर्यंत विलंब शुल्क घेऊन प्रवेश देतात. पुढे एमसीएला सीईटी आणि कॅप आहेच.

आणि थांबायचंच ठरलं तर गॅप सर्टिफिकेट लागेल, सीईटीही पुन्हा द्यावी लागेल. यंदाचे ८१ पर्सेंटाइल पुढच्या वर्षी चालत नाहीत.

एजंटांबद्दल वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. नॉन-कॅपसाठीही कट-ऑफ डेट असते. त्या तारखेनंतर कोणी "बॅकडेटमध्ये बसवतो" म्हणालं, तर तो प्रवेश पुढे प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे मंजुरीला जातो आणि तिथे अडकतो. अडकतो तो विद्यार्थी. पैसे घेणारा तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे असतो. कॅपिटेशन फी घेणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी बघून घ्या आणि जेवढे पैसे द्याल तेवढ्याची पावती घ्या.

कॉलेजच्या ऑफिसात गेलात की आधी विचारा, ही जागा संस्था कोट्यातली की अगेन्स्ट कॅपमधली, आणि हिच्यावर मुलींची शुल्कमाफी लागू आहे का. उत्तर लेखी मागा. लेखी देत नसतील तर मूळ एलसी जमा करू नका. एकदा ती जमा केली की प्रवेश रद्द करून परत मिळवायला जे हेलपाटे पडतात ते मी रोज बघतो. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेअर मात्र कुठलीही वाट धरलीत तरी लागणार, तेव्हा तहसीलच्या रांगेत उद्याच कोणालातरी पाठवा.