रेल्वे फाटक बंद दिसत असताना लोक खालून गाडी काढतात, त्यांना भीती कशी वाटत नाही?

तुम्ही विचारलंय की फाटक पडलेलं आहे, गाडी येणार हे लहान पोराला पण कळतं, तरी माणसं बाईक वाकडी करून खालून घुसतात ती का. माझे वडील दौंड-मनमाड लाईनवर गेटमन होते, शाळेत असताना मी डबा घेऊन गुमटीवर, म्हणजे गेटमनच्या केबिनवर जायचो आणि तासनतास तिथेच बसायचो, त्यामुळे हा प्रकार अगदी जवळून बघितलाय.

माझ्या मते भीती सगळ्यांनाच वाटते, पण लोकांच्या डोक्यातला हिशोबच चुकीचा असतो. बहुतेकांना असं वाटतं की गेटमन उगाच दहा मिनिटं आधी गेट टाकून बसतो, गाडी अजून लांब असणार, तेवढ्यात आपण निघून जाऊ. आता खरं काय होतं ते सांगतो. बऱ्याच फाटकांना इंटरलॉकिंग असतं, म्हणजे गेट पूर्ण खाली येऊन लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. म्हणून गाडी लांब असतानाच गेट टाकावं लागतं, नाहीतर ती सिग्नलला उभी राहणार आणि मागच्या सगळ्या गाड्या लेट होणार. ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनच्या फाटकामुळे लोकल कशा रखडायच्या हे तिकडच्या लोकांना विचारा.

आणि ह्याचाच दुसरा अर्थ लोकांच्या लक्षात येत नाही. गेट लॉक झालं म्हणजे लोको पायलटला, म्हणजे रेल्वेच्या ड्रायव्हरला सिग्नल मिळालेला आहे, फाटक मोकळं आहे असं धरूनच तो फुल स्पीडने येणार. ताशी ११० चा वेग म्हणजे सेकंदाला ३० मीटर, आणि इमर्जन्सी ब्रेक मारला तरी गाडी थांबायला साधारण किलोमीटरभर जातो, मालगाडी भरलेली असेल तर तिचं वजन हजारो टन. तुम्ही त्याला दिसलात तरी तो हॉर्न वाजवण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही. रुळाच्या कडेला पिवळ्या बोर्डावर 'सी/फा' लिहिलेलं बघितलं असेल, ते सीटी-फाटक, तिथून तो शिट्टी वाजवत येतो, पण हेल्मेटमध्ये मोबाईल कोंबून बोलणाऱ्याला ती कशी ऐकू येणार.

डोळेही फसवतात. मोठी वस्तू लांबून येताना आहे त्यापेक्षा हळू येतेय असं वाटतं, लायबोवित्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांच्या संदर्भातच हे मांडलं होतं. समोरून येणारं इंजिन बराच वेळ एका जागीच असल्यासारखं दिसतं आणि मग एकदम अंगावर येतं. डबल लाईन असेल तर अजून वाईट, एक गाडी गेली की लोक लगेच खाली वाकून निघतात आणि त्या गाडीच्या शेवटच्या डब्याआड दुसऱ्या लाईनवरची गाडी लपलेली असते.

आमच्या भागात सगळ्यात जास्त टेन्शन गळीत हंगामात असायचं. उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, फाटकाला चढ. हूटर वाजायला लागला तरी ड्रायव्हर रेस देऊन घुसायचा, चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जायचं, कधी पिन तुटून मागची ट्रॉली रुळावरच राहायची. एकदा बूम, म्हणजे फाटकाचा आडवा दांडा, ट्रॉलीच्या उसात अडकून मोडला, वडिलांनी पळत जाऊन दोन्हीकडे साखळी लावली, आणि बाहेर थांबलेले लोक शिव्या कोणाला देत होते तर वडिलांना! गेट लॉक झालं नव्हतं म्हणून गाडी सिग्नलला थांबली होती, एवढ्यावरच निभावलं. गेटमनला दमदाटी करून गेट उघडायला लावणारे पण असायचेच, त्यात गावातली वजनदार माणसं पहिली.

सगळा दोष ड्रायव्हरचाच असतो असं मी म्हणणार नाही. २००५ मध्ये नागपूरजवळ कन्हानला वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरला ट्रेनने उडवलं, पन्नासच्या वर माणसं गेली, २०१४ मध्ये तेलंगणात मासाईपेटला नांदेड-सिकंदराबाद पॅसेंजरची स्कूलबसला धडक बसली, लहान लहान पोरं गेली, दोन्ही ठिकाणी फाटकावर माणूसच नव्हता. ब्रॉडगेजवरची अशी बिनमाणसाची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली, ते फार मोठं काम झालं. पण इंटरलॉकिंग नसलेली फाटकं अजून आहेत, तिथे सगळा भरवसा स्टेशन मास्तरच्या फोनवर आणि गेटमनवर असतो. आणि जिथे रोज अर्धा अर्धा तास लोक ताटकळतात तिथे उड्डाणपूल किंवा अंडरपास लवकर व्हायलाच पाहिजे, त्या लोकांना नुसती भाषणं देऊन काय उपयोग.

कायदा म्हणाल तर आहे, १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६० मध्ये बंद फाटक उघडलं तर ३ वर्षांपर्यंत आणि तोडलं तर ५ वर्षांपर्यंत कैद. पण खालून बाईक काढणाऱ्याला आमच्या फाटकावर कोणी पकडलेलं मी तरी बघितलं नाही, मग एकाने काढली की मागचे चार जण काढतात.

आता कामाचं. बाईक तिरकी नेऊ नका, रुळाच्या आतल्या बाजूला रेल्वेच्या चाकासाठी खाच असते त्यात टायर अडकतो. पलीकडे गाडीपुरती जागा मोकळी दिसल्याशिवाय रुळावर चढूच नका, राँग साईडला लाईन लावलेल्यांमुळे जाम होतो तो नेमका फाटकाच्या मधेच. दोन्ही बूमच्या मधे अडकलात तर बूम तोडून सरळ बाहेर निघा, जीव वाचवताना कलमं आठवत बसू नका. तुमची गाडी रुळावर बंद पडली तर पहिलं काम सगळ्यांना खाली उतरवून रुळापासून लांब न्यायचं, धक्का मारत बसायचं नाही, आणि एकाने गेटमनकडे पळायचं. तो सिग्नल लाल करू शकतो, आणि रेल्वे सिग्नल ओलांडून पुढे आली असेल तर लाल झेंडा घेऊन तिच्या दिशेने धावतो, रुळावर फटाके लावतो (चाकाखाली फुटून लोको पायलटला सावध करणारे), नियमाने पहिला ६०० मीटरवर आणि पुढचे तीन १२०० मीटरवर. एवढं अंतर त्याला पायी पळायचं असतं, म्हणून त्याला लगेच सांगा, आधी मेकॅनिकला फोन लावू नका.