जास्तीची पिशवी

प्रिय 'टिप्याची आई',

तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं. बारा वर्षांचा टिप्या किडनी निकामी होऊन गेला, त्याला दोन महिने झाले. शेवटच्या इंजेक्शनच्या कागदावर सही तू केलीस आणि ती तुला झोपू देत नाही. ऑफिसातून आलीस की दाराआड त्याच्या नखांची टकटक ऐकू येते. आणि सासूबाई म्हणतात, "कुत्रंच होतं, किती दिवस रडशील?" वर घरात कधी शेवयांची खीर, कधी बासुंदी, "जणू सणच आहे". तू त्या वाटीला हात लावत नाहीस.

शेवटच्या पानाच्या तळाशी तू सहज लिहून गेलीस: "गोकुळची जास्तीची पिशवी अजून येतेच, बंद करायचं कुणाच्या लक्षात येत नाही."

लक्षात येत नाही? अगं, याच पत्रात तू लिहिलंयस की सासूबाई दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडतात आणि एका पिशवीवरून दूधवाल्याशी भांडतात. ती बाई साठ दिवस एक पिशवी विसरेल? ती पिशवी टिप्याची आहे. ती बंद करा, हे सांगायला त्यांची जीभ रेटत नाही. मग रोज अर्धा लिटर दूध उरतं, ते ओतून टाकवत नाही, म्हणून आटवलं जातं. तुमच्याकडे सण चाललेला नाही, बाई.

शेवटचे पाच आठवडे डॉक्टरांनी त्याचं दूध बंद केलं होतं, हेही तूच लिहिलंयस. बारा वर्षं रोज सकाळी जिनं वाटी पुढे सरकवली, तिलाच ती उचलून फडताळात ठेवावी लागली. त्या 'दूध बंद करा'चा अर्थ त्यांनी काय लावला असेल? माझ्या दुधानंच गेला तो. ही माझी अटकळ, पण मी त्यांच्याच वयाची आहे आणि मला ती खरी वाटते.

तेव्हा हे नीट समजून घे, कारण तुला ते त्यांना सांगायचंय. दुधात फॉस्फरस असतो. आजारी किडनीला तो बाहेर टाकणं जमत नाही, रक्तात साठतो, म्हणून दूध बंद करतात. दुधानं किडनी बिघडली म्हणून नव्हे. म्हाताऱ्या कुत्र्यांत हा आजार नेहमीचा आहे आणि फसवाही. किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा कचरा, वाढलेलंसुद्धा दिसत नाही. तोवर टिप्या जेवत होता, शेपूट हलवत होता. तुम्हा दोघींना कुठून कळणार?

तुझ्या सहीबद्दल एवढंच सांगते. ते इंजेक्शन म्हणजे भुलीच्या औषधाचा मोठा डोस. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, हृदय थांबतं. आठवडाभर उलट्या करत कुढण्यातून तू त्याला सोडवलंस. त्या सहीची लाज धरू नकोस.

नवीन पिल्लू आणावं का, समुपदेशकाकडे जावं का, हे तू विचारलंयस. त्याचं नंतर बघू. उद्या पहाटे त्यांच्या आधी ऊठ. पिशव्या तू आत आण, दोन्ही. टिप्याची पातेल्यात ओत, मंद गॅसवर ठेव आणि त्या आल्या की विचार, "आई, त्याला किती कोमट लागायचं?"

त्या चिडतील. "सकाळी सकाळी काय हे" म्हणतील, पाठ फिरवून भांडी लावत बसतील. ओट्यापासून हलू नकोस. त्यांचं बोलून झालं, किंवा रडून झालं, की फॉस्फरसचं सांग.

आणि त्या दुधाची संध्याकाळी बासुंदी झाली, तर या वेळी वाटी सारू नकोस. त्यांच्या शेजारी बसून खा.