बिलिंग काउंटरची यंत्रे : टिकाऊपणा कसा पारखावा?

प्रश्न : माझ्या दुकानात दोन बिलिंग काउंटर आहेत. आजवर साधा संगणक आणि त्याला जोडलेला स्वस्त प्रिंटर यांवर काम भागले. परंतु प्रिंटर वारंवार बंद पडतो आणि ऐन गर्दीत रांग खोळंबते. आता सर्वच यंत्रे नव्याने घ्यायची आहेत. विक्रेते 'ऑल-इन-वन', म्हणजे पडदा आणि संगणक एकाच खोक्यात असलेल्या, यंत्राचा आग्रह धरतात. दीर्घकाळ टिकणारी यंत्रे निवडताना नेमके काय पाहावे?

उत्तर : विक्रेता आपल्याला आधी पडदा आणि प्रोसेसर दाखवतो, कारण डोळ्यांत भरणारे तेच असते. काउंटर अडतो तो मात्र बहुधा प्रिंटर, कॅश ड्रॉवर, स्कॅनर किंवा सैल झालेल्या वायरीमुळे. जिथे काहीतरी हलते, घासते किंवा जिथे दिवसभर हात लागतो, तो भाग आधी झिजतो. म्हणून पैसे हात आखडता न घेता तिथे खर्च करावेत आणि पडद्याच्या झगमगाटावर वाचवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपली मुख्य तक्रार प्रिंटरची आहे. थर्मल प्रिंटरमध्ये शाई किंवा रिबन नसते. तापणाऱ्या सूक्ष्म ठिपक्यांच्या पट्टीला, म्हणजे प्रिंट हेडला, घासून कागद पुढे सरकतो आणि उष्णतेने अक्षरे उमटतात. त्यामुळे उत्पादक हेडचे आयुष्य कागदाच्या किलोमीटरमध्ये आणि कटरचे आयुष्य कापांच्या संख्येत सांगतात. समजा, माहितीपत्रकात हेडसाठी १०० किलोमीटर आणि कटरसाठी १० लाख काप असे आकडे आहेत, आपले बिल सरासरी २० सेंटिमीटर लांब आहे आणि एका काउंटरवर रोज ३०० बिले निघतात. म्हणजे दिवसाला ६० मीटर कागद लागला. या हिशेबाने हेड सुमारे साडेचार वर्षे चालेल आणि कटर नऊ वर्षे. हेड आधी जाणार हे उघड असल्याने ते सुटे मिळते का आणि जागेवरच बदलता येते का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. खरखरीत, हलक्या प्रतीच्या कागदामुळे मात्र हा सारा हिशेब कोलमडतो. बिलावर उभी पांढरी रेघ दिसू लागली, तर प्रिंटर बंद करून, हेड थंड झाल्यावर ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसावे. त्यानंतरही रेघ तशीच राहिली, तर तेथील ठिपका जळाला आहे असे समजावे.

कॅश ड्रॉवर पारखताना तो पूर्ण बाहेर ओढून पुढच्या कडेवर हाताने थोडा भार द्यावा. नाण्यांनी भरलेला ड्रॉवर रोज हेच सोसत असतो. पातळ पत्र्याचा असेल तर तो तिथल्या तिथे लचकतो. रूळ बॉल बेअरिंगचे असावेत. ड्रॉवर बहुधा प्रिंटरकडून येणाऱ्या विद्युत संकेताने उघडतो, तेव्हा दोन्हींचे व्होल्टेज, १२ की २४, जुळते याची खात्री करावी.

स्कॅनरच्या बाबतीत निर्णय सोपा आहे. जुन्या पद्धतीच्या लेझर स्कॅनरमध्ये हलणारा आरसा असतो. इमेजर, म्हणजे कॅमेऱ्यासारखे कोडचे चित्र टिपणाऱ्या, स्कॅनरमध्ये हलणारा भाग नसतो आणि त्याच्या टू-डी प्रकारात क्यूआर कोडही वाचला जातो, अगदी मोबाइलच्या पडद्यावरचासुद्धा. हातातून पडणारे यंत्र असल्यामुळे काँक्रीटवर किती उंचीवरून पडण्याची चाचणी झाली आहे हे पाहावे; दीड मीटर ही काउंटरवरील वापरासाठी समाधानकारक उंची होय.

ऑल-इन-वन यंत्राला माझा सरसकट विरोध नाही, पण ज्यात प्रिंटरही आत बसवलेला आहे असे यंत्र मी सुचवणार नाही: प्रिंटर बिघडला की पडद्यासह अख्खे यंत्र दुरुस्तीला जाते आणि काउंटर ओस पडतो. मुख्य यंत्र पंखाविरहित आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली साठवण) असलेले घ्यावे, कारण पंखा हवेबरोबर धूळही आत ओढतो. 'आयपी ६५' अशा आकड्यांत पहिला अंक धुळीपासूनच्या आणि दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो. मात्र पुष्कळदा हे मानांकन केवळ पडद्याच्या दर्शनी बाजूपुरते असते आणि ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ऑपरेटिंग सिस्टिमचीही विचारपूस करावी. विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. तेव्हा पुढच्या आवृत्तीवर न चालणारे जुन्या साठ्यातील यंत्र कितीही दणकट असले तरी घेऊ नये.

प्रश्न : त्याऐवजी साधा घरगुती टॅब्लेट स्टँडवर बसवला तर चालेल का?

उत्तर : कमी विक्रीच्या किंवा तात्पुरत्या काउंटरवर चालेल. मुख्य काउंटरवर मात्र तो दिवसभर चार्जरला जोडलेला राहतो, तापतो आणि कालांतराने त्याची बॅटरी फुगू शकते; चार्जिंगचे छिद्रही सैल होते. तरीही वापरायचाच असेल, तर वायरीला ओढ बसणार नाही असा स्टँड घ्यावा, आणि पडदा कडेने उचलला गेल्यासारखा दिसताच तो तत्काळ वापरातून काढावा.