वेगस, व्हेगस की प्राणेशा?

प्रश्न असा आला आहे: 'व्हेगस नर्व्ह' हा शब्द हल्ली सारखा कानावर पडतो, काही जण 'वेगस' असंही लिहितात. हे नाव आपल्या 'वेग'वरून आलं का? आणि या नसेला मराठीत काय म्हणायचं?

'वेग'शी नातं काहीही नाही. आपला 'वेग' संस्कृत 'विज्' धातूचा. उद्वेग, आवेग ही त्याचीच भावंडं. 'व्हेगस' लॅटिन, अर्थ भटका, फिरस्ता. इंग्रजीतला 'व्हॅगाबाँड' त्याच घरातला. 'व्हेग', म्हणजे मोघम, हाही तिथलाच. बोलणारा विषय सोडून भटकला की बोलणं मोघम होणारच. उधळ्या माणसाला लावतात तो 'एक्स्ट्राव्हॅगंट' म्हणजे मुळात हद्दीबाहेर भटकणारा. (लास व्हेगस मात्र यांच्यातलं नव्हे. तिथला 'व्हेगा' स्पॅनिश, अर्थ कुरण.)

गंमत अशी, की या नसेचं एक मुख्य काम वेगाच्या अगदी उलट आहे. ती हृदयाला लगाम घालते. एर्न्स्ट आणि एडुआर्ड वेबर या जर्मन भावांनी 1845 मध्ये दाखवलं, की ही नस चेतवली की हृदय मंदावतं, थांबतंसुद्धा. हृदयाला त्याच्या मर्जीवर सोडलं तर ते मिनिटाला 100च्या आसपास ठोके देईल. निवांत बसल्यावर नाडी 70च्या घरात असते ती या लगामामुळे. प्रत्यारोपित हृदयाची ही नस तुटलेली असते, म्हणून ते स्वस्थ बसलेल्या माणसातही भरभर चालतं. तेव्हा 'वेगस' लिहिलं की मराठी कान हमखास फसतो. लॅटिन उच्चार खरं तर 'वागुस'सारखा, पण आपल्याकडे शब्द इंग्रजीमार्गे आला, त्यामुळे 'व्हेगस'च लिहावं.

भटकी का, ते तिची वाट पाहिली की कळतं. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्यांतली ही दहावी. बाकीच्या बहुतेक डोक्या-मानेतच कामं उरकतात. ही लंबमज्जेतून, म्हणजे मेंदूच्या तळाकडच्या भागातून, निघून गळ्यातून छातीत उतरते, हृदय आणि फुप्फुसांना फाटे देते, अन्ननलिकेच्या सोबतीनं पोटात शिरते आणि जठर करत मोठ्या आतड्यापर्यंत जाते. एक बारीक फाटा कानात. कान कोरताना काहींना खोकल्याची ढास लागते ती त्यामुळे. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या डाव्या फाट्यानं तर कमाल केली आहे: गळ्यापासून निघून छातीत उतरायचं, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घ्यायचा आणि परत गळ्यात यायचं! द्राविडी प्राणायामाला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

आणि ही नुसती हुकूम पोचवत नाही. तिच्यातले सुमारे 80 टक्के तंतू आतल्या अवयवांची खबर वर मेंदूकडे नेतात. फिरस्त्यानं गावोगावच्या बातम्या आणाव्यात, तसंच.

आता मराठी शब्द. परिभाषेत 'प्राणेशा' आहे: प्राण अधिक ईशा, प्राणांची स्वामिनी. शब्द देखणा आहे, पण नावामागची नजरच बदलली. लॅटिननं तिची चाल पाहिली, आपण तिचा अधिकार पाहिला. शिवाय लगाम घालणारीला स्वामिनी म्हणणं ठीक, पण प्राण काही एकट्या तिच्या हाती नसतो. मला विचाराल तर समजावून सांगताना 'फिरस्ती नस' म्हणावं. 'भटकी' म्हटलं की आधी कुत्री आठवतात.

'नस' म्हटल्यावर काही जण नाक मुरडतील, कारण आपण रक्तवाहिनीलाही नसच म्हणतो. खरं आहे, पण 'नस दबली' म्हणताना आपल्याला मज्जातंतूच अभिप्रेत असतो आणि ते ऐकणाऱ्यालाही कळतं. 'नाडी' मात्र इथे नको. व्हेगसमुळे नाडी मंदावते हे सांगताना 'नाडीमुळे नाडी मंदावते' म्हणायची पाळी येईल.

लिंगाचंही कुणीतरी विचारेलच: व्हेगस नस असेल तर ती, मज्जातंतू असेल तर तो.