वाचकांचे प्रश्न : नवे सीमेक आणि जुना प्रोग्राम

प्रश्न : नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. मोजमापाच्या यंत्रातील नोंदी वाचणारा सी++ प्रोग्राम आम्ही बऱ्याच वर्षांपूर्वी लिहून घेतला होता. डेबियन १३ या लिनक्स प्रणालीवर तो आजही बिल्ड होतो, म्हणजे मूळ कोडपासून चालता प्रोग्राम तयार होतो. पण डेबियनची ‘टेस्टिंग’, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीची, शाखा असलेल्या नव्या संगणकावर सीमेक या बिल्डच्या साधनाकडून ‘सीमेक ३.५ पूर्वीची सुसंगतता काढून टाकली आहे’ असा संदेश येऊन काम थांबते. डेबियनमधील प्रोग्रामांची पॅकेजे सांभाळणारे मेंटेनर सीमेकच्या जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्या का ठेवत नाहीत?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : हा बदल मुळात डेबियनचा नाही. सीमेकच्या कर्त्यांनी २८ मार्च २०२५ रोजी ४.० आवृत्ती काढताना ३.५ च्या, म्हणजे २०१६ च्या, आधीच्या वागणुकीचा आधार काढून घेतला. डेबियन १३ साठी बिल्डची मूलभूत साधने १५ मार्चलाच गोठवली गेली होती, म्हणजे त्यांच्या नव्या आवृत्त्या घेणे थांबले होते, त्यामुळे तिथे ३.३१ राहिले आणि तुमचे काम अडले नाही. अर्थात, तिथेही बिल्डच्या सुरुवातीला इशारा उमटत असणारच. शेवटी सगळे सुरळीत पार पडले की वरच्या ओळी सहसा कोणी वाचत नाही.

दोन आवृत्त्या ठेवण्याची प्रथा डेबियनमध्ये आहे. जीसीसी या कंपायलरच्या अनेक आवृत्त्या तिथे शेजारी शेजारी नांदतात, आणि १९९९ मधले ऑटोकॉन्फ २.१३ हे बिल्डचे साधन तर फायरफॉक्ससारख्या प्रकल्पांपायी वर्षानुवर्षे सांभाळावे लागले. परंतु जुनी आवृत्ती हाताशी असेपर्यंत तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजे दुरुस्त होत नाहीत, आणि तिच्यातील दोषांचे ओझे मात्र मेंटेनरच्याच माथी राहते. जिथे दुरुस्ती बहुधा एका ओळीची आहे, तिथे हा खटाटोप न करणेच मला योग्य वाटते.

बिल्डचे साधन सांभाळणाऱ्याचा खरा वेळ त्या साधनावर कमी आणि त्याच्या आधाराने तयार होणाऱ्या पॅकेजांवर अधिक जातो. नवी आवृत्ती आधी ‘एक्सपेरिमेंटल’ या प्रयोगांच्या विभागात ठेवायची, तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजे पुन्हा बिल्ड करून पाहायची, जी कोसळतील त्यांच्या मेंटेनरांना दोष-नोंद आणि जमल्यास पॅचही (कोडमधील तयार दुरुस्ती) पाठवायचा, आणि बहुतेक पडझड सावरल्यावरच ती ‘अनस्टेबल’ या रोजच्या विकासाच्या शाखेत आणायची, असा हा क्रम असतो. तुमचा प्रोग्राम डेबियनच्या भांडारात नसल्यामुळे या चाळणीतून तो कधी गेलाच नाही. ते काम तुम्हालाच करावे लागेल.

तूर्त अडलेले काम पुढे न्यायचे असेल, तर सीमेक चालवताना ‘सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम’ या चलाला ३.५ ही किंमत द्यावी. कायमचा उपाय म्हणजे सीमेकलिस्ट्स या बिल्डच्या सूचनांच्या फाइलच्या आरंभी असलेली किमान आवृत्तीची अट बदलणे. तिथे ३.५ नव्हे, थेट ३.१० लिहावे, कारण ३.१० पूर्वीचा आधारही पुढे जाणार असल्याचा इशारा ३.३१ पासूनच दिला जात आहे. मात्र या आकड्याबरोबर सीमेकची वागणूकही बदलते. उदाहरणार्थ, ‘इफ’च्या अटीत अवतरणचिन्हांत लिहिलेला शब्द जुन्या पद्धतीत चलाचे नाव समजून उलगडला जाई, आता तो निव्वळ मजकूर मानला जातो, आणि अशी अट कोणताही संदेश न देता उलटी लागू शकते. म्हणून फाइलमधील अशा सर्व अटी तपासाव्यात आणि नव्या बिल्डमधून निघालेली मापे जुन्या संगणकावरील मापांशी ताडून पाहिल्याखेरीज तो प्रोग्राम यंत्राला जोडू नये.