आईचा दहा वर्षांचा व्हिसा आणि तिसरी खेप

प्रश्न: माझी आई साताऱ्याला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. बाबा काही वर्षांपूर्वी गेले. माझ्या पहिल्या बाळंतपणाला ती गेल्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेत एडिसनला आली आणि डिसेंबरात परत गेली. बाळ डे-केअरमध्ये रुळेना, म्हणून फेब्रुवारीत तिला पुन्हा बोलावलं. त्या वेळी विमानतळावर तिला वेगळ्या खोलीत बसवून बराच वेळ प्रश्न विचारले. बाळाला दिवसा कोण बघतं, गावाकडे घरी कोण असतं, परत कधी जाणार? शेवटी सोडलं, पण ऑफिसरने बजावलं की तुम्ही इथे राहायलाच लागला आहात, पुढच्या वेळी असं चालणार नाही. ऑगस्टात ती परत गेली. डिसेंबरात माझं दुसरं बाळंतपण आहे आणि तिचं ऑक्टोबरअखेरचं तिकीट काढून ठेवलंय. व्हिसा अजून सात वर्षं आहे, एक दिवसही ती मुदतीपेक्षा जास्त राहिलेली नाही. मैत्रिणी म्हणतात, सहा महिन्यांनी बाहेर पडलं की पुन्हा सहा महिने मिळतात. आई मात्र फोनवर विचारते, “मला परत त्या खोलीत बसवतील का गं?” तिला बोलवावं का?
एडिसनची एक मुलगी, न्यू जर्सी

उत्तर:

ऑक्टोबरचं तिकीट बदला. बाळंतपण तोंडावर आलेलं असताना हे ऐकणं किती जड आहे ते मला कळतं. पण या वेळी आईंना विमानात बसवणं म्हणजे त्यांना जाणूनबुजून त्याच खोलीत पाठवणं आहे.

आधी मैत्रिणींच्या त्या नियमाबद्दल. असा नियम अमेरिकेच्या कायद्यात कुठेही नाही. वर्षाला १८० दिवस हक्काचे, किंवा बाहेर पडून आलं की पुन्हा सहा महिने, ही सगळी आपापसांत पसरलेली समजूत आहे. चार दिवस कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन आल्याने मुदत नव्याने सुरू होते हीसुद्धा तशीच समजूत. कायद्यात आहे ते वेगळंच. इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टच्या कलम २१४ (बी) प्रमाणे पर्यटक व्हिसावर येणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालतात, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी येणाऱ्यावर असते. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये एकदा मुलाखत पार पडली म्हणून ही जबाबदारी संपत नाही. दर खेपेला विमानतळावर ती नव्याने पार पाडावी लागते. पासपोर्टातला दहा वर्षांचा व्हिसा फक्त काउंटरपर्यंत पोहोचवतो. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवसांसाठी, हे तिथला कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनचा ऑफिसर ठरवतो. तो देतो ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत असते आणि राहण्याची मुदत तीच, व्हिसावर छापलेली तारीख नव्हे.

आई दोन्ही वेळा मुदतीत परत गेल्या, ही त्यांची मोठी जमेची बाजू. मुदत उलटली असती तर व्हिसा तिथेच रद्दबातल ठरला असता. १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून परतलेल्यांना तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलेल्यांना दहा वर्षं प्रवेशबंदी लागते. ते संकट तुमच्यावर नाही. तुमचं संकट हे की ऑफिसरच्या पडद्यावर येण्याजाण्याच्या सगळ्या तारखा एकाखाली एक दिसतात. गेल्या पंधरा-सोळा महिन्यांतले बारा महिने आई एडिसनला होत्या, साताऱ्याला जेमतेम साडेतीन-चार. हे पाहून कुणीही विचारेल की या बाईंचं घर नेमकं कुठे आहे. त्यात मागच्या खेपेची ताकीद. ती नोंदली गेली असणार आणि पुढच्या ऑफिसरला दिसणार, असं धरूनच चाला. बहुतेक जाणकार ढोबळमानाने सांगतात की जितके दिवस इथे राहिलात, निदान तितके तरी मायदेशी काढा. हा कायदा नाही, तेवढं केलं म्हणून प्रवेशाची हमीही मिळत नाही. पण तारखा बघून ऑफिसरच्या मनात जो प्रश्न येतो, त्याला याहून चांगलं उत्तर नाही.

आता बाळ सांभाळण्याबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे. आजीने नातवाला मांडीवर घेणं, न्हाऊमाखू घालणं, भरवणं याला कोणी नोकरी म्हणत नाही. पण आईबाबा दोघं कामावर आणि सोमवार ते शुक्रवार बाळ पूर्णपणे आजीच्या भरवशावर, अशी घडी बसली की ऑफिसरला पगारी दाई वाचवण्यासाठी आणलेलं माणूस दिसायला लागतं. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. पगार मिळत नाही म्हणून ते काम नव्हे, हा युक्तिवाद प्रत्येक काउंटरवर टिकतोच असं नाही. तुमच्या आईंना विचारलेला पहिला प्रश्न हाच होता, ते उगाच नव्हे.

यावर पुष्कळ घरांतून आईवडिलांना उत्तरं पाठ करून दिली जातात: “फिरायला आले म्हणायचं, बाळाचं नाव काढायचं नाही.” माझी कळकळीची विनंती, हे अजिबात करू नका. ऑफिसरला फोन तपासण्याचा अधिकार आहे. “आई येईपर्यंत डे-केअर नको” असा एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश सापडला की पुढचं काहीही खरं मानलं जात नाही. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा ठपका बसला तर प्रवेशबंदी आयुष्यभराची असते. ज्या बाईंनी जन्मभर वर्गात मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, त्यांना या वयात खोटं बोलायला लावायचं आणि त्याची शिक्षाही त्यांनीच भोगायची, हे मला फार अन्यायाचं वाटतं. उत्तर बदलू नका, घरातली व्यवस्था बदला. दोन्ही मुलांच्या डे-केअरची नावनोंदणी करा, बाळंतपणाच्या रजेचं दोघांचं वेळापत्रक मांडा, पहिल्या महिन्यासाठी पगारी मदत शोधा. खर्च मोठा आहे, न्यू जर्सीत तर फारच. तरी तो तुमच्या संसाराचा खर्च आहे आणि त्याचा हिशेब आईंच्या मुक्कामाशिवाय जुळायला हवा.

लेकीचं बाळंतपण आईने करायचं, ही आपल्याकडची रीत मी हलकी मानत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, रात्री उशाशी आईचा हात, हे सगळं दुसऱ्या कुणाकडून मिळत नाही. आई नसताना तुम्हाला रडू येईल आणि साताऱ्यात त्यांनाही. पण पहिल्या बाळंतपणाला त्या होत्या. या वेळी डिसेंबरात सासूबाईंना जमत असेल तर त्यांना बोलवा. त्यांच्या तारखा मोकळ्या असतील तर त्यांच्यासाठी हा साधा, खराखुरा कौटुंबिक प्रवास ठरेल. तोही सहा महिन्यांचा नको, सहा-आठ आठवड्यांचा, परतीच्या पक्क्या तिकिटासह. एक आजी गेली की दुसरी, अशी आज्यांची पाळी मात्र लावू नका. तो क्रमही ऑफिसरांच्या नजरेत भरतो. तुमच्या आईंनी बाळाच्या उष्टावणाला, म्हणजे जूनमध्ये यावं, दोन महिन्यांसाठी. तोवर साताऱ्यात त्यांचे नऊ-दहा महिने झालेले असतील.

जूनमध्ये येताना काय करायचं तेही सांगते. परतीचं तिकीट, पेन्शनचे कागद, घराचा उतारा किंवा सोसायटीचा शेअर दाखला, परतल्यावरची डॉक्टरांची वेळ, प्रवासी विमा हे एका फाइलीत त्यांच्या हाताशी असू दे, चेक-इन बॅगेत नको. बॅगेतले लाडू-लोणची कस्टम्सला जाहीर करा. व्हीलचेअर घेतलीत तर ढकलणारा मदतनीस काउंटरवर दुभाषा होऊ पाहतो आणि चांगल्या मनाने भलतंच उत्तर देऊन बसतो. आईंनी स्वतः बोलावं. इंग्रजी प्रश्न कळला नाही तर मान हलवू नये, मराठी दुभाषा मागावा. फोनवरून दुभाषा जोडून देता येतो. मागच्या वेळी त्या खोलीत बसलेल्या होत्या हे विचारलं तर लपवू नये. “हो, तुमच्या साहेबांनी सांगितलं म्हणून या वेळी बरेच महिने घरीच होते,” एवढं पुरे, कारण ते खरंच असेल. जबाब लिहून घेतला तर दुभाष्याकडून समजल्याशिवाय सही करू नये. या चौकशीत वकील जवळ बसवून घेण्याचा हक्क प्रवाशाला नसतो, म्हणून हे सगळं आधीच शांतपणे बोलून ठेवा.

प्रवेश नाकारलाच तर दोन वाटा असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाटेत प्रवाशाला आपला प्रवेशाचा अर्ज स्वतः मागे घेऊन परत जाऊ देतात. व्हिसा बहुधा रद्द होतो, पण बंदी लागत नाही, पुन्हा व्हिसासाठी अर्ज करता येतो. दुसरी वाट म्हणजे तातडीची हकालपट्टी, तिच्यासोबत पाच वर्षांची बंदी येते. कोणती वाट द्यायची ते ऑफिसर ठरवतो, पण अर्ज मागे घेऊ द्या असं म्हणता येतं आणि हे आईंना माहीत असायलाच हवं. अबू धाबीमार्गे येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अमेरिकेची तपासणी अबू धाबीतच होते. तिथे अडवलं तर पुढच्या विमानात बसताच येत नाही. अर्थात चोवीस तासांच्या प्रवासानंतर न्यूयॉर्कहून उलट फिरण्यापेक्षा सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला ते सोसायला बरं.

मुक्काम वाढवायला आय-५३९ चा अर्ज करता येतो, आय-९४ ची मुदत संपायच्या आत. आजारपणासारखं खरं कारण असेल तर जरूर करावा. दर खेपेला सहा महिने आणि वर मुदतवाढ, असं केलं तर पुढच्या खेपेचा प्रश्न अधिक अवघड होतो.

एक गोष्ट आपल्या घरांतून जवळपास कुणीच मोजत नाही, ती म्हणजे कर. अमेरिकेत चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षाचा सहावा हिस्सा मिळून बेरीज १८३ भरली, की माणूस करापुरता तिथला रहिवासी ठरतो. लागोपाठ तीन वर्षं १२२ दिवस राहिलं की बेरीज नेमकी १८३ होते, म्हणजे वर्षाला चारच महिने. मग साताऱ्याची पेन्शन आणि ठेवींचं व्याजसुद्धा तिथल्या विवरणपत्रात येऊ शकतं. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस असतील तर फॉर्म ८८४० भरून आपलं घरदार भारतात आहे असं दाखवता येतं, पण तो वेळेत भरावा लागतो. तुमच्या आईंचे या वर्षीचे फेब्रुवारी ते ऑगस्ट हे दिवस मोजून सीएला आणि तिथल्या कर सल्लागाराला दाखवाच.

इतर देशांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये तर नियमातच लिहिलंय की वारंवार भेटी देऊन तिथे घर केल्यासारखं राहता येणार नाही, तेव्हा लंडनकरांनी एडिसनइतकीच काळजी घ्यावी. युरोपच्या शेंगेन देशांत हिशेब स्वच्छ आहे, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तो टप्प्याटप्प्याने शिक्क्यांऐवजी संगणकावर मोजला जाऊ लागला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसापत्रावर ८५५८ क्रमांकाची अट असेल तर १८ महिन्यांत १२ पेक्षा जास्त महिने राहता येत नाही. कॅनडाने मात्र आईवडिलांसाठी खरी सोय केली आहे. सुपर व्हिसावर २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा मात्र लागतो. टोरांटोत राहून साध्या व्हिजिटर व्हिसावर आईवडिलांची ये-जा करत बसण्यात काही अर्थ नाही.

अमेरिकेत तशी सोय नाही. तुम्ही नागरिक झालात तर आईंसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येईल, आणि नागरिकांच्या आईवडिलांना त्यात वर्षानुवर्षांची रांग नसते. पण ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहणं. ते घेऊन दहा महिने साताऱ्यात काढले तर विमानतळावर प्रश्न उलटा विचारला जातो. आईंना एडिसनला कायमचं राहायचंय का, हे कुणी त्यांना सरळ विचारलंय असं तुमच्या पत्रातून दिसत नाही. विचारा, आणि उत्तर द्यायला त्यांना वेळ द्या. त्यांच्या मैत्रिणी, त्यांचे डॉक्टर, नोव्हेंबरातला बँकेतला हयातीचा दाखला, हे सगळं साताऱ्यात आहे.

या आठवड्यात तिकीट बदलून घ्या आणि एखाद्या इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोला. ताकीद मिळालेली असल्याने ती फी वाया जाणार नाही. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा तिथेही कायदा आहे. आईंच्या संमतीने कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनकडे त्यांच्या प्रवासाच्या आणि त्या दिवशीच्या चौकशीच्या नोंदी मागता येतात. त्या खोलीत नेमकं काय लिहिलं गेलं ते कळलं, तर जूनची तयारी अंदाजावर करावी लागणार नाही. उत्तर यायला बरेच महिने लागू शकतात, म्हणून अर्ज याच महिन्यात टाका.